शिळा निरोप

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात एक साड्यांचं दुकान जळालं होतं. विमा कंपनीच्या वतीनं नुकसान पाहायला आलेला प्रसेनजीत आत उकिडवा बसून काठीनं राख बाजूला सारत होता. कोणता गठ्ठा खरोखर जळाला आणि कोणता नंतर आणून टाकला, याचा अंदाज घेणं हे त्याचं काम. दुकानाचा मालक मागं उभा राहून हुंदके देत होता, आणि त्यातले खरे किती याचाही अंदाज प्रसेनजीतला सवयीनं येत होता. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, बाळासो मेल. हा फोन वर्षातून एकदा यायचा, वर्गणी संपली की. यंदाचा तर येऊन गेला होता.

"पावणं, बाळासो बोलतोय. मोकळे हाय न्हवं?"

"बोला की."

"म्हैनाअखेरीला बंद करतोय बगा मी. लेक लागलीय मागं, बेंगलोरला चल म्हणून. तुमचं सगळं मेल उतरवून देतो, त्याची काळजी नको. पण तुमचा एक होल्डला हाय. मशीन बंद करायच्या आदी तेवढं रिकामं करायला पायजे. सोडू का पुसू, ते येऊन सांगून जावा."

"कुठला?" प्रसेनजीतनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मी कुठं उगडून बगतोय व्हय? जुना हाय. वैनींच्या पत्त्यावरचा."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की काठी राखेत खुपसून आपण नुसतेच बसलोय. मालकाचे हुंदके थांबले होते. साहेबांना काहीतरी सापडलं असा त्याचा समज झाला असावा, कारण तो एकदम समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, काय असंल ते बसून मिटवू." त्या क्षणी प्रसेनजीतला वाटलं, हा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय.

पन्हाळामेल हे नाव ऐकलं की लोकांना हसू फुटायचं. ईमेलचा पत्ता सांगितला की समोरचा विचारणार, हे कुठलं हो, गावठी? आणि ते गावठीच होतं. शाहूपुरीत पेंडीच्या दुकानावर एक खोली, तिच्यात घरघरणारी मशिनं, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, आणि खालून येणारा सरकी पेंडीचा वास. बाळासोंचं तिथं एके काळी सायबर कॅफे होतं. पोरं मोबाइलवर गेली, कॅफे बसलं, पण मेलचा धंदा तेवढा उरला. काही फौंड्रीवाले, दोन-चार गूळव्यापारी, एक तालीम आणि प्रसेनजीतसारखे काही, जे कधीतरी आले आणि गेलेच नाहीत. लग्न झालं तेव्हा प्रसेनजीतनं तिथंच दोन पत्ते घेतले होते, एक स्वतःचा आणि एक दीप्तीचा. नव्या संसारात भांड्यांवर नावं घालतात, त्या हौसेनं. पुढं दीप्ती नोकरी करायची त्या कॉलेजनं तिला दुसरा पत्ता दिला आणि पन्हाळामेलचा विषय घरात निघेनासा झाला. वर्गणी मात्र दोघांचीही भरली जात होती. आपली आपण भरतो, दीप्तीची कोण भरतं, हा प्रश्न प्रसेनजीतला कधी पडला नाही.

त्याच्याच धंद्यातला उदयसिंह त्याला भेटेल तिथं टोचायचा. "लेका, जग कुठं चाललंय आणि तू अजून बाळासोच्या पेंडीत." त्याला प्रसेनजीत सांगायचा, फोन केला की माणूस उचलतो, मशीन नाही. कंपनीच्या साहेबांना सांगायचा, माझे अहवाल गावातच राहतात, परदेशात जात नाहीत. मुलगी शिवानी विचारायची तेव्हा म्हणायचा, जुनं आहे गं, सवय झालीय. यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि हीच त्यातली मेख होती. खोटा दावा करणारा नेहमी खऱ्या मालाच्या आडोशाला उभा राहतो, हे प्रसेनजीतइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार? महापुराच्या साली शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा स्वतःच्या घराचं सोडून हा गडी मांडीभर पाण्यातनं पेंडीच्या दुकानापर्यंत गेला होता. बाळासो वरच्या खिडकीतून डोकावून म्हणाले, "मशिनं माळ्यावर घेतल्यात. तुमी कशाला आला हो?" प्रसेनजीत खालून ओरडला होता, "सगळं शाबूत हाय न्हवं? होल्डचंबी?" बाळासोंना त्याचा फार अभिमान वाटला. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं, असं ते पुढं चारचौघांत सांगत राहिले. प्रसेनजीत ओल्या पँटीनं घरी आला, आणि कशासाठी गेलो होतो हे त्याला दीप्तीला सांगता आलं नाही.

होल्ड ही बाळासोंची स्वतःची रीत होती. मोठ्या कंपन्यांकडं एखादा मेल अडकला तर यंत्र आपलं धडका मारत राहतं आणि शेवटी कंटाळून परत पाठवतं. बाळासोंकडं दिवसापेक्षा जास्त अडकलेला मेल आपोआप पुढं जात नसे. ते तो बाजूला काढत, पाठवणाऱ्याला फोन लावत आणि विचारत, "सोडू का?" यामागं एक गोष्ट होती आणि ती ते हसत सांगत नसत. सुरुवातीच्या काळात पेठ वडगावच्या एका माणसानं मस्कतला असलेल्या भावाला लिहिलं होतं, आईला उतार आहे, यायची घाई करू नकोस. तो मेल मशीन बिघडल्यामुळं अडकला. तेवढ्यात म्हातारी गेली. भावाला कुणाच्या तरी हाती उडता निरोप पोचला की आईचं काही खरं नाही, त्यानं तिकीट काढलं, बॅग भरली. इकडं बाळासोंनी मशीन दुरुस्त केलं आणि साचलेलं सगळं सोडून दिलं. विमानतळाला निघायच्या वेळी त्या पोराला मेल मिळाला, आईला उतार आहे. त्यानं आनंदानं तिकीट रद्द केलं. पुढं महिन्याभरानं तो गावी आला आणि शाहूपुरीचा जिना चढून बाळासोंच्या समोर येऊन बसला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. "तवापास्नं," बाळासो म्हणायचे, "शिळा निरोप इचारल्याबिगर पोचवायचा न्हाय. पोचवायचा न्हाय आणि टाकायचाबी न्हाय. ज्याचा त्यानं सांगायचं. न्हाय सांगितलं तर ऱ्हाऊ दे पडून, जागा काय खातोय?"

प्रसेनजीतचा मेल असाच पडून होता, बारा वर्षं.

त्या आधीच्या वर्षी सम्राट गेला होता. साडेतीन महिन्यांचं बाळ. नाव आजोबांनी ठेवलेलं, कबनूरला मागावर काम करत आयुष्य घालवलेल्या माणसानं हौसेनं ठेवलेलं भारदस्त नाव, आणि ते अंगाला येण्याआधीच पोर गेलं. संध्याकाळी अंग तापलं होतं. कुणीतरी म्हणालं, सकाळी बघू. सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच दीप्तीच्या हातातलं ओझं बदललं. तिनं ते आधी ओळखलं आणि तरी ती चढत राहिली. डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतं तरी खात्रीनं काही सांगता आलं नसतं. हे वाक्य दिलासा म्हणून उच्चारलेलं होतं. पण त्यात काल हा शब्द होता, आणि तो शब्द त्यांच्याबरोबर घरी राहायला आला. त्यानंतर नवराबायको एकमेकांशी फार नीट वागू लागले. मीठ द्या, पाणी ठेवलंय, गॅस संपलाय. रडायचं असेल तर एक जण दुसरा बाहेर जाण्याची वाट पाहायचा. काही महिन्यांनी दीप्ती कॉलेजकडून पुण्याला वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेली. जाताना दोघांनाही हायसं वाटलं आणि ते दोघांनाही दिसलं.

आणि मग सम्राटला जाऊन वर्ष झालं तो दिवस आला. सोमवार होता. प्रसेनजीतनं घरात एकट्यानं मेणबत्ती लावली, बुद्धवंदना म्हणायला घेतली, तिसऱ्या ओळीला आवाज फुटेना म्हणून उठला आणि लॅपटॉप उघडून बसला. काय लिहितोय हे त्याला लिहिताना पूर्ण माहीत होतं. सकाळी बघू असं तू म्हणालीस. मी निघालो होतो, तू थांबवलंस. मला आता तुझ्याबरोबर राहता येणार नाही. परत येऊ नकोस. एवढं लिहून त्यानं पाठवलं आणि फार दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. भर दुपारी, बसल्या जागी, मान खुर्चीवर टाकून. ती झोप त्याला अजून आठवते. इतकं हलकं त्यानंतर कधी वाटलं नाही, आणि त्या हलकेपणाची त्याला आजही शरम वाटते.

सोमवार म्हणजे कोल्हापुरात कारखान्यांची सुट्टी आणि वीजवाल्यांचा दुरुस्तीचा वार. दिवसभर वीज नव्हती. बाळासो पाव्हण्यांकडं बिद्रीला गेलेले, बॅटऱ्या उतरल्या, मशिनं गप्प झाली. मंगळवारी दुपारी फोन आला. "पावणं, तुमचा एक कालपास्नं अडकलाय. सोडू का?" प्रसेनजीत तेव्हा रस्त्यावर एका उलटलेल्या ट्रकपाशी उभा होता. त्याच्या तोंडून हो आलं नाही. नाहीही आलं नाही. "राहू दे," तो म्हणाला. "राहू दे सध्या." बुधवारी दुपारी दीप्ती बॅग घेऊन दारात उभी होती. म्हणाली, रजा काढून आले. का आलीस, हे त्यानं विचारलं नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं, आत जाऊन तोंड धुतलं आणि पिठलं केलं. जेवताना पहिल्यांदा दोघं एकमेकांसमोर रडले, ताटावर, खरकट्या हातांनी, आणि त्यानंतर घर हळूहळू पुन्हा घर झालं. पुढं शिवानी झाली. शिवानीचं जावळ, शिवानीचा पहिला दात, शिवानीचे मोठ्या माणसांसारखे प्रश्न. यातलं सगळं एका 'राहू दे'वर उभं होतं, आणि त्याच्या खाली शाहूपुरीतल्या त्या खोलीत तो मेल होता. गेलेला नाही, गेलाच नाही असंही नाही.

पुसून टाका एवढं सांगायला किती वेळ लागतो? प्रसेनजीतनं कितीदा तरी फोन हातात घेतला होता. लाज वाटायची हे खरं. पण दुसरंही एक होतं आणि ते जास्त वाईट होतं. वर्षं जातील तसं त्या संध्याकाळचं चित्र त्याच्या डोक्यात हलायला लागलं होतं. आधी ते स्पष्ट होतं. दीप्ती पलंगावर, सकाळी बघू म्हणते. मग केव्हातरी, रंकाळ्यावर शिवानीला भेळ भरवताना किंवा असंच काहीतरी करताना, ते वाक्य त्याला ऐकू आलं आणि त्यातला आवाज जाड होता. बाईचा नव्हता. त्यानं ते झटकून टाकलं. पुन्हा ऐकू आलं. हळूहळू असं झालं की शिवानीला साधं पडसं झालं तरी तो घरातून आधी दारापर्यंत जाऊन उभा राही, आणि दीप्ती म्हणे, अहो, नाक वाहतंय नुसतं, बसा की. बसा हा शब्द ऐकला की त्याच्या अंगावर काटा यायचा. मग तो स्वतःला समजवायचा, की तेव्हा, वर्षाच्या आत, आठवण ताजी असताना, आपण लिहून ठेवलंय. तू म्हणालीस. तू थांबवलंस. माणूस उगाच असं लिहील का? वीस वर्षं तो लोकांचे जबाब घेत आला होता. घटनेनंतर जितक्या लवकर घेतलेला, तितका जबाब खरा, हे त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र. तो मेल त्याचा जबाब होता. त्याच्या बाजूनं बोलणारा जगातला एकुलता एक साक्षीदार पेंडीच्या दुकानावर राहत होता, आणि म्हणून प्रसेनजीत दरवर्षी वर्गणी भरत होता. सोडला तर घर जाईल. पुसला तर साक्षीदार जाईल. बाळासो असेपर्यंत दोन्ही टळत होतं.

आता बाळासो बेंगलोरला निघाले होते.

दोन दिवस तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना चढला तेव्हा खोली अर्धी रिकामी झाली होती. भिंतींवर मशिनांच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. एकच मशीन चालू होतं आणि त्याच्यासमोर बाळासो बनियनवर बसून वायरी गुंडाळत होते. इतक्या वर्षांत ते फार वाळले होते. प्रसेनजीतला एकाएकी वाटलं, आपण या माणसाला कधी तब्येत कशी आहे हेसुद्धा विचारलं नाही. होल्ड शाबूत आहे ना, एवढंच विचारत आलो.

"या पावणं, बसा. खुर्ची इकली, डब्यावर बसा," बाळासो म्हणाले. "लई जणांचं काय काय निघालं बगा. एकानं तर सोयरीक मोडल्याचा मेल धरून ठेवलावता. ती सोयरीक होऊन आता नातवंडं हायत." ते हसले, मग खोकले. "वैनींचा परवा सोडला. मिळाला न्हवं तुमास्नी?"

"कुणाचा?"

"दीप्तीवैनींचा. त्यांचाबी हुताच की होल्डला, तुमच्या पत्त्यावरचा. दोगांस्नीबी फोन केल्ता मी. वैनी परवा स्वतः आल्या, म्हणाल्या, सोडा. सोडला. पोचल्याचं दिसतंय हितं. तुमी मेल बगत न्हाईसा व्हय?"

तो बघत नव्हता. बाळासोंचा फोन आल्यापासून त्यानं पेटी उघडलीच नव्हती. "कधीचा होता?" त्यानं विचारलं, आणि स्वतःचाच आवाज त्याला लांबून आला.

"तुमचा ज्या सोमवारचा, त्याच सोमवारचा. वीज गेलेली बगा. मंगळवारी मी दोगांस्नीबी फोन लावला. तुमी म्हणालासा, राहू दे. वैनी म्हणाल्या, राहू दे, मीच जाते."

प्रसेनजीत उठला. आलोच म्हणाला आणि जिन्यात येऊन थांबला. खाली हमाल पेंडीची पोती उतरवत होते, प्रत्येक पोतं पडलं की जिना हादरत होता. मीच जाते. म्हणजे बुधवारी दारात उभी असलेली ती दीप्ती. त्या दुपारबद्दल त्यानं बारा वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगितली होती, की आपला मेल गेला नाही म्हणून ती आली. ती आली ते तिच्याच कशामुळं तरी. आणि तिनंही त्याच दिवशी लिहिलं होतं, कारण तोच दिवस होता, दुसरा कुठला असणार? वर्ष झालं त्या दिवशी दोन गावांत बसलेले दोन आईबाप आणखी काय करतील? त्याला आता पक्कं वाटलं की तिच्या मेलमध्येही हेच असणार. तुम्ही सकाळी बघू म्हणालात. परत येणार नाही. म्हणजे इतकी वर्षं आपल्यासमोर ताट वाढणाऱ्या बाईच्या मनात हे होतं, आणि आता तिला ते पोचवावंसं वाटलं. त्यानं पेटी उघडली. मेल वर नव्हता. जुन्या तारखेचा म्हणून खाली, त्या वर्षाच्या गर्दीत जाऊन बसला होता.

सकाळी बघू असं मी म्हणाले होते. तुम्ही त्याला दुपट्यात गुंडाळून दारात उभे होता, पायात चप्पल घातली होती. मीच बसा म्हणाले. वर्षभर तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाही. हे मनातून काढून टाका. वेळेवर जेवत जा. दीप्ती.

त्यानं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदच झाला, खोटं कशाला बोला. साक्षीदार उभा राहिला होता आणि तोही समोरच्या पक्षाचा. दोन्ही जबाब जुळत होते. अशी केस तो एका मिनिटात मंजूर करतो. मग त्यानं स्वतःला दारात उभं करायचा प्रयत्न केला. हातात दुपटं, पायात चप्पल. दार दिसलं, दुपटंही दिसलं, पिवळं, कोपऱ्यात हत्ती काढलेला. चप्पलही दिसली. तिचा एक बंद तुटला होता आणि त्याला पिन लावलेली होती. बायकी चप्पल होती. तिच्यात दीप्तीचे पाय होते. दीप्ती दारात उभी होती, बाळ छातीशी धरून, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि टेबलावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. समोर ट्रकच्या अपघाताचा अहवाल, जो रात्रीपर्यंत कंपनीला मेल करायचा होता, पन्हाळामेलवरूनच. त्या माणसानं मान वर केली नाही. म्हणाला, बस, सकाळी बघू. अहवाल वेळेवर पोचला होता. कंपनीनं कौतुकही केलं होतं.

खाली एक पोतं फुटलं, हमालांची शिवीगाळ झाली, पेंडीचा वास वर आला. प्रसेनजीत कठड्याला धरून उभा राहिला. त्यानं जबाब ताजा असताना घेतला होता हे खरं. पण घेणारा तो आणि देणाराही तोच, एवढं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ते चित्र त्यानं उलटं करून लिहिलं होतं, आणि तिनंही उलटं करून लिहिलं होतं. दोन्ही मेलमध्ये वाक्य एकच होतं. त्याला स्वतःची किळस आली, साध्या शब्दांत किळस.

तो परत वर गेला. "पुसा," म्हणाला.

"बगा, परत येत न्हाय ते."

"पुसा बाळासो."

बाळासोंनी एक कळ दाबली, आणखी एक दाबली. पडद्यावरची एक ओळ गेली. काहीच झालं नाही. मशीन घरघरत राहिलं. बाळासो म्हणाले, "झालं. हिशेब मोकळा," आणि पुन्हा वायरी गुंडाळू लागले. प्रसेनजीतला काहीतरी बोलायचं होतं, इतक्या वर्षांचं. "तब्येत सांभाळा," तो म्हणाला. "आता लेक सांभाळंल की," बाळासो म्हणाले.

दिवसभर तो कामाला गेला नाही. स्कूटर घेऊन पंचगंगेच्या घाटावर गेला, तिथनं कारण नसताना शिरोलीच्या पुलापर्यंत, तिथनं परत. दीप्तीनं परवा मेल सोडला. म्हणजे परवापासून ती वाट बघतेय. त्यानं वाचला नाही हे तिला माहीत नाही. तिच्या लेखी त्यानं वाचला, आणि तीन वेळा जेवला, दोन वेळा आंघोळीचं पाणी तापलं का विचारलं, आणि एक अक्षर बोलला नाही. अगदी त्या वर्षासारखं. हे लक्षात आल्यावर तो सिग्नलला हिरवा दिवा लागूनही तसाच उभा राहिला आणि मागच्या रिक्षावाल्यानं त्याचा उद्धार केला.

घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. शिवानी सुट्टीसाठी कबनूरला आजीकडं गेली होती. दीप्ती बाल्कनीच्या दारात खाली बसून गवार मोडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"आज वाचला मी," तो उभ्या उभ्या म्हणाला. "परवा नाही. आजच. बाळासोंनी सांगितल्यावर."

"बरं."

"चप्पल तुझ्या पायात होती."

दीप्तीचे हात थांबले नाहीत. "व्हय," ती म्हणाली.

"बंद तुटला होता. पिन लावली होती."

"माहीत हाय मला. मीच लावलीवती."

"मग असं का लिहिलंस?"

तिनं एक शेंग मोडली, शीर ओढून काढली, टाकली. "तुम्ही जेवत न्हवता. झोपत न्हवता. पुण्यात आईचा फोन यायचा, जावई काय खात न्हाईत म्हणून. मला वाटलं, दोघांतल्या एकाला तरी झोप लागावी. माझी तर गेलीच हुती." मग ती म्हणाली, "बाळासोंचा फोन आला तवा वाटलं, खोटं लिहून कशाला, जाऊन समोर बसू. म्हणून आले. परवा ते म्हणाले, सोडू का पुसू. पुसा म्हणायला जीभ रेटंना. तुमच्यासाठी लिहिलेलं एवढंच काय ते हाय माझ्याकडं."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. प्रसेनजीत भिंतीला टेकला. आता गप्प बसता आलं असतं. पुसलेलं पुसलं गेलं होतं. तिला माहीत व्हायचं काही कारण नव्हतं, बाळासो एकाचा निरोप दुसऱ्याला सांगणाऱ्यांतले नव्हते, आणि महिनाअखेरीला ते मशीनही नसणार होतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात इतका सुरक्षित दावा दुसरा नव्हता.

"तुम्ही कधी मला काय लिहिलंच न्हाय," दीप्ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं म्हणाली.

"लिहिलं होतं."

तिनं वर बघितलं.

"त्याच सोमवारी. तोही अडकला होता. आज पुसायला लावला." तो थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा बारा वर्षं गेली असती. "तू लिहिलंस तेच लिहिलं होतं. चप्पल माझ्या पायात घातली होती. तू थांबवलंस म्हणून लिहिलं होतं. खरं वाटत होतं गं मला तेव्हा. आणि शेवटी लिहिलं होतं, परत येऊ नकोस."

गवारीची शेंग तिच्या बोटांत तशीच होती. मग तिनं ती ताटात ठेवली, पदराला हात पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली. अलीकडं तिला उठताना असा आधार लागायचा, हे त्याला आत्ता दिसलं.

"ते पोचलं असतं तर मी आले नसते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"न्हाय. तुम्हाला न्हाय माहीत. मी कुठंच गेले नसते. उरलेच नसते मी." एवढं बोलून ती त्याच्या बाजूनं आत गेली, आतल्या खोलीत, आणि दार लोटलं. प्रसेनजीत तिथंच उभा राहिला. कडी लागल्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन उभा होता. आवाज आला नाही. दाराला हात लावावा एवढं धाडस त्याला होईना, म्हणून तो खाली बसला आणि तिनं अर्धी ठेवलेली गवार मोडू लागला.